वाळवी लागलेले वासे

पावसाळा सरत आला आणि चतुर्थी तोंडावर आली, की गोमंतकातल्या घराघरांत एकच लगबग सुरू होते. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली उतरतात, भिंतींना रंग लागतो, चिऱ्यांच्या पायऱ्यांवर तीन महिने साचलेले शेवाळ खरवडून काढले जाते. आणि या लगबगीत दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरी तीच एक गोष्ट घडते. घरातली साठी-पासष्टीची बाई न्हाणीत, अंगणात किंवा मागल्या दाराच्या पायरीवर घसरते. ती माडावरून पडलेली नसते की वाहनाखाली सापडलेली नसते. उभी होती ती खाली बसली, एवढेच काय ते घडलेले असते. पण तिला उठता येत नाही. एक पाय आखूड दिसू लागतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळते. इस्पितळात क्ष-किरणाचे चित्र निघते आणि खुबा मोडल्याचे घरच्यांना सांगण्यात येते. मग माटोळी बांधायची राहते, करंज्या-नेवऱ्यांचे पीठ परातीत तसेच राहते आणि घर रुग्णशय्येभोवती गोळा होते.

बाई घसरली म्हणून हाड मोडले, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच खरे आहे. त्याच न्हाणीत तिची नात दिवसातून दोनदा घसरते आणि हसत उठते. शेवाळ निमित्तमात्र असते. मोडण्याची क्रिया पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेली असते. आमच्या दमट किनारपट्टीवर वाळवी काय करते, हे कौलारू घरात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. वासा बाहेरून शाबूत दिसतो, त्यावरचा रंगही चकचकीत असतो. एखाद्या रात्री वाऱ्याचा झोत येतो आणि वासा मधोमध तुटून खाली येतो. तेव्हा कळते, की आत भुशाशिवाय काही उरलेच नव्हते. रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांच्या हाडांची अवस्था नेमकी अशीच होते. वैद्यकशास्त्र तिला ऑस्टिओपोरोसिस म्हणते. मराठीत अस्थिसुषिरता असा समर्पक शब्द आहे. बासरीला सुषिर वाद्य म्हणतात त्यातलाच हा सुषिर, म्हणजे सच्छिद्र. फरक इतकाच, की या छिद्रांतून सूर निघत नाहीत आणि म्हणूनच घरात कोणाला पत्ता लागत नाही.

हाड म्हणजे दगड, हा आपला एक जुना गैरसमज. हाड ही जिवंत वस्तू आहे. तिची मोडतोड आणि डागडुजी जन्मभर चाललेली असते. जुने हाड कुरतडणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे रचणाऱ्या पेशी वेगळ्या. तारुण्यात रचणाऱ्यांचा हात वर असतो. तिशीच्या सुमारास हाडांची पुंजी सर्वाधिक होते आणि त्यानंतर कुरतडणे हळूहळू रचण्यावर मात करू लागते. स्त्रीच्या देहात या कुरतडणाऱ्या पेशींना लगाम घालण्याचे काम बीजकोशांतून पाझरणारे ईस्ट्रोजेन करीत असते. पाळी कायमची थांबते तेव्हा हा लगाम अचानक सुटतो. पुढल्या पाच-सात वर्षांत हाडांच्या घनतेचा पाचवा हिस्सादेखील निघून जाऊ शकतो. बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट या वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा कार्यकारणभाव १९४१ साली मांडला. म्हणजे ही माहिती जगाला मिळून आठ दशके उलटली आहेत. असे असूनही पाठीला पोक आलेल्या वृद्धेकडे पाहून आपण अजूनही 'वयच झाले' असे म्हणून मोकळे होतो. त्या पोकामागे बहुधा एक-दोन मणके दबून पाचरीसारखे झालेले असतात. ते कधी मोडले हे तिलाही ठाऊक नसते, कारण मणक्याचे बहुतेक भंग दुखणे म्हणून दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. लग्नातली साडी आता पायांत येते, फळीवरच्या डब्याला हात पोचत नाही, अशी तक्रार एखादी बाई करते. त्यावर घरात हशा पिकतो. वास्तविक दोन-अडीच इंच उंची कमी होणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

मनगट, मणका आणि खुबा ही या दुखण्याची तीन ठाणी. त्यांत खुबा सर्वांत क्रूर. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांत सुमारे एक जण वर्षाच्या आत दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. जे वाचतात त्यांतले कितीतरी जण पुन्हा पूर्वीसारखे आपल्या पायांनी देवळापर्यंत जाऊ शकत नाहीत. ही किंमत केवळ त्या बाईची नसते. तिला उठवण्या-बसवण्यासाठी सून नोकरीवर रजा टाकते, आखातात असलेला मुलगा धावत येतो, नातवंडांच्या परीक्षा इस्पितळाच्या ओसरीत होतात.

आमच्याकडे या प्रश्नाला आणखी काही कंगोरे आहेत आणि ते परदेशी पुस्तकांत सापडायचे नाहीत. पाश्चात्त्य स्त्रीची पाळी सरासरी पन्नाशी उलटल्यावर जाते. भारतीय स्त्रीची चार-पाच वर्षे आधी, सत्तेचाळिशीच्या आसपासच. म्हणजे लगाम सुटल्यानंतर जगायची वर्षे तितकीच अधिक. त्यातच गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे फार सैल हाताने केली जाते. पोट दुखते, अंगावर जाते, मुले झाली आहेत, मग 'पिशवी काढून टाका' हा सल्ला पस्तिशी-चाळिशीतल्या बाईला मिळतो. त्याबरोबर कित्येकदा बीजकोशही काढले जातात आणि ही बाई एका दिवसात पन्नाशीच्या बाईच्या पंक्तीत जाऊन बसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रात गाजला. चर्चा झाली ती मुख्यतः मजुरीची, मुकादमाच्या दंडाची आणि डॉक्टरांच्या लोभाची, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्यांतल्या ज्यांचे बीजकोशही गेले, त्यांच्या डोक्यावर उसाची मोळी आणि कण्यात वीस वर्षे आधीच म्हातारा झालेला मणका, या हिशेबाकडे कोणी फारसे पाहिले नाही. ज्या स्त्रीचे बीजकोश पंचेचाळिशीच्या आत गेले किंवा थांबले, तिने नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरक घ्यावे की नाही, हे तिच्या वैद्याने तिच्यासमोर बसून ठरवले पाहिजे. शस्त्रक्रियेपूर्वी हा विषयच निघत नसेल तर त्या संमतिपत्रावरच्या सहीला अर्थ काय उरतो?

आता आहाराकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आणि रजोनिवृत्तीनंतर १२००. आमच्या ताटात ते येते कोठून? भातात कॅल्शियम नावाला, नारळाच्या रसात तेवढेच. दूध आमच्या घरात मुख्यतः चहापुरते. 'आम्ही मासे खाणारी माणसे, आमची हाडे कशी ठिसूळ होतील?' असा आत्मविश्वास आमच्यात आहे, पण तो तपासून पाहायला हवा. विसवण असो वा पापलेट, कॅल्शियम मासळीच्या मांसात फारसे नसते. ते काट्यांत असते आणि काटे आपण ताटाच्या कडेला लावतो. तारली, वेर्ल्या, मांदेली अशी लहान मासळी काट्यांसकट चावून खाल्ली तरच तो लाभ पदरात पडतो. म्हणजे श्रीमंताच्या घरच्या विसवणाच्या तुकडीपेक्षा गरिबाच्या घरची कुरकुरीत तारली या बाबतीत वरचढ. त्यातही सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी आणि अख्खा श्रावण शिवराक. तो पाळू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण मासळीच्या जागी दही, ताक, नाचणे यायला हवे. बटाट्याची भाजी आणि लोणचे आले तर हाडांना उपास घडतो.

आणि एक कटू गोष्ट. घरात शेवटी जेवणारी बाई ही केवळ कथा-कादंबऱ्यांतली नाही. चांगला तुकडा मुलाला, साय नवऱ्याला आणि उरलेसुरले आपल्याला, हा हिशेब तिने चाळीस वर्षे आपणहून मांडलेला असतो. एके काळी विधवांच्या ताटातून तर मासळी कायमचीच उठवली जात असे. हाडांच्या पुंजीची भरती तिशीच्या आत होते. त्यामुळे साठीतल्या बाईचा खुबा मोडतो तेव्हा त्यात तिच्या माहेरच्या आणि सासरच्या पंक्तीचाही हात असतो.

नाचण्याची आठवण आम्ही मुद्दाम काढली. शंभर ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळाच्या कित्येक पट. कुळागरांच्या आणि डोंगरकपारीच्या गावांत नाचण्याची भाकरी, आंबील आणि तिजन हे रोजचे अन्न होते. हाती पैसा आला तसे ते गरिबीचे अन्न ठरून चुलीवरून उतरले. आता तेच शहरातल्या दुकानांत सुबक पाकिटांतून चौपट दराने परत आले आहे. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची किनारपट्टीवरची चाल आहे. ती वर्षातून एकदाच का, असा प्रश्न पडतो. पालेभाज्यांबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी. पालकासारख्या भाजीत कॅल्शियम पुष्कळ असले तरी तिच्यातले ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते आणि अंगी लागते ते अत्यल्प. तिळाचेही काही अंशी तसेच, शिवाय पांढरे स्वच्छ पॉलिश केलेले तीळ आपले बरेचसे कॅल्शियम टरफलाबरोबर गिरणीतच ठेवून येतात. या सर्वांत पेलाभर दूध आणि वाटीभर दही हाच सर्वांत सरळ मार्ग. तो ज्यांना मानवत नाही त्यांनी गोळी घ्यावी. ती एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या वर नको, कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर, आणि मूतखड्याचा त्रास असेल तर वैद्याला विचारूनच.

उन्हाविषयी लिहायचे म्हणजे जरा विनोदच. ज्या देशात उन्हाने रस्ते वितळतात तेथील स्त्रियांना ड जीवनसत्त्वाची वाण पडावी! पण तशी ती पडली आहे खरी. सावळ्या कातडीला अधिक ऊन लागते, आमचा दिवस छपराखाली जातो आणि जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले असते. सकाळचे कोवळे ऊन हाडांना चांगले, ही पिढ्यान्पिढ्यांची समजूत. पण ज्या किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते ते कोवळ्या उन्हात जवळजवळ नसतातच. ते सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सूर्य डोक्यावर असताना मिळतात. त्या वेळी चेहरा आणि हात उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे अंगणात काढावी. काचेच्या खिडकीमागे बसून काही मिळत नाही. उलट बाजूला साठ हजार एककांच्या पुड्यांचे वेड आहे. आठवड्याला एक, अशी आठ आठवडे घ्यायची पुडी औषधविक्रेत्याकडून आपणहून आणून वर्षानुवर्षे घेणाऱ्या बायका आम्हांला ठाऊक आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, अति झाले तर रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडाला भोवते. धडधाकट माणसाला नुसत्या या पुड्यांनी अस्थिभंगापासून अभय मिळत नाही, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने २०२२ साली दाखवले आहे.

हाड आणखी एका गोष्टीवर पोसते, ती म्हणजे भार. यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली सांगितले, की हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते. अंतराळवीर तरुण, धडधाकट असतात; पण वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याची हाडे महिन्याला शेकडा एक-दीडने झिजतात. आमच्या आज्या विहिरीचे पाणी शेंदत, भात कांडत, डोक्यावर मोळ्या वाहत. ते दिवस परत यावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. त्या काबाडकष्टांनी कित्येकींना पन्नाशीही दिसली नाही. परंतु नळ, मिक्सर आणि स्कूटर आल्यावर हाडांना मिळणारा भारही गेला, त्याची भरपाई करावी लागेल. झपाझप चालणे, जिने चढणे, हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन त्या उचलणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा-पंधरा वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा वर करणे, एका पायावर तोल सांभाळणे, एवढे घरातल्या घरात होते. पोहणे हृदयाला उत्तम, हाडांना त्याचा उपयोग थोडा. योगासनांविषयी एक इशारा द्यायलाच हवा. ज्यांचे मणके आधीच विरळ झाले आहेत त्यांनी कंबरेतून पुढे वाकण्याची आसने करू नयेत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या रुग्ण स्त्रियांत मणके दबण्याचे प्रमाण फार मोठे आढळले. पाठ मागे ताणणाऱ्यांत ते पुष्कळ कमी होते. सकाळच्या वर्गात पश्चिमोत्तानासन सर्वांकडून सरसकट करवून घेणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात घ्यावे.

गोमंतकाने आणखी एका कारणाने सावध व्हायला हवे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, शेकडा २६.४. मधुमेही माणसाचे हाड मापात दाट दिसते, पण गुणाने कच्चे असते; शिवाय अंधूक दृष्टी आणि बधिर पावले यांमुळे तो पडतोही अधिक. २०११च्या जनगणनेत साठीपुढील लोकसंख्येच्या प्रमाणात केरळनंतर गोव्याचाच क्रमांक होता. मधुमेह आणि वार्धक्य, दोन्हींत आपण पुढे आहोत, हे शासनकर्त्यांनी ध्यानी ठेवावे.

हाडांची घनता मोजण्याची डेक्सा नावाची तपासणी आहे. दहा-पंधरा मिनिटांची, वेदनारहित, क्ष-किरणांचा अगदी अल्प वापर करणारी. तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत उणे अडीच किंवा त्याखाली आकडा गेला तर अस्थिसुषिरता, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवली. शिबिरांतून टाचेवर यंत्र लावून जे आकडे वाटले जातात ते म्हणजे ही तपासणी नव्हे. त्या आकड्यांनी घाबरून औषधे विकत घेऊ नयेत, किंवा निर्धास्तही होऊ नये. पासष्टीपुढच्या प्रत्येक स्त्रीने ती एकदा करावी. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल, पाळी लवकर गेली असेल, दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील, धूम्रपान असेल, तर आधीच. सांधेदुखीवर 'रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइडच दडलेले असते. गुडघा थांबतो आणि कणा जातो.

औषधे आहेत आणि ती गुणकारी आहेत, हे ठासून सांगायला हवे, कारण 'हाडाला काय औषध?' अशी निराशा घराघरांत आहे. अलेंड्रोनेटची आठवड्याला एक गोळी १९९५पासून वापरात असलेल्या औषधाचीच. ती आता देशी कंपन्या बनवतात. पण ती घेण्याची रीत चुकली तर ती वाया जाते. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवे न होता, काही न खाता. चहाच्या घोटाबरोबर घेतली तर ती अंगी लागत नाही आणि घेऊन पडून राहिले तर अन्ननलिका भाजते. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक आम्लही आहे. जबड्याच्या हाडाला इजा झाल्याच्या गोष्टी ऐकून पुष्कळ जणी उपचार सोडतात. तो धोका खरा, पण फार विरळा. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यावेत. या गोळ्या बहुधा पाचेक वर्षांनी थांबवून पुन्हा विचार करायचा असतो. सहा महिन्यांनी एकदा टोचायच्या डेनोसुमॅबचे मात्र वेगळे आहे. ते मध्येच सोडले तर हाड झपाट्याने झिजते आणि मणके एकामागून एक मोडू शकतात. पुढली टोचणी परवडेल का, हे पहिल्या टोचणीआधीच विचारावे.

संप्रेरकांच्या उपचारांची कथा दोन टोकांची आहे. एके काळी ती अमृत म्हणून वाटली गेली. २००२ साली अमेरिकेतली मोठी चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेला दिसला; आणि मग सगळ्यांनी ती विष म्हणून टाकली. त्याच चाचणीत खुब्याचे अस्थिभंग घटले होते आणि तिच्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, हे दोन्ही तपशील मथळ्यांत आले नाहीत. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या स्त्रीचा हिशेब निराळा पडतो.

राहिला प्रश्न शासनाचा. आयुष्मान योजनेत २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळी उपचारांचे छत्र मिळाले. चांगले झाले. पण ही योजना खुबा मोडल्यावर जागी होते. हाड न मोडावे म्हणून लागणारी तपासणी आणि गोळी तिच्या कक्षेबाहेर. छप्पर कोसळल्यावर नवे वासे द्यायचे आणि वाळवीच्या औषधाला पैसे नाहीत म्हणायचे, असा हा कारभार. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेह आणि रक्तदाब तपासतात तेथेच पन्नाशीपुढच्या स्त्रीची उंची दर वर्षी मोजून नोंदवायला भिंतीवरच्या पट्टीपलीकडे खर्च नाही. शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली तयार केलेल्या फ्रॅक्स या पद्धतीने केवळ वय, वजन आणि पूर्वेतिहास विचारून दहा वर्षांतला धोका काढता येतो, आणि तिच्यात भारतासाठी वेगळे कोष्टक आहे. डेक्सा यंत्र प्रत्येक तालुक्याला नको; दोन्ही जिल्हा रुग्णालयांत आणि बांबोळीला अल्प दरात ती तपासणी मिळाली तरी पुरे.

आणि सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे ज्यांचे हाड एकदा मोडले आहे त्यांची. एक भंग हा दुसऱ्याचा दूत असतो. स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरात १९९९ साली एक साधी व्यवस्था सुरू झाली. पन्नाशीपुढचा रुग्ण हाड मोडून इस्पितळात आला, की एक परिचारिका त्याला गाठते, हाडांची तपासणी करवते, औषध सुरू झाले का ते पाहते आणि पुढेही चौकशी ठेवते. आज अनेक देशांनी ती उचलली आहे. आमच्याकडे शल्यवैद्य हाड उत्तम जोडतो, टाके काढतो आणि बाई घरी येते. तिचे हाड मुळात मोडले कशाने, हे विचारणारे कोणी नसते. अस्थिरोगतज्ज्ञाला ते काम औषधवैद्याचे वाटते आणि औषधवैद्याला अस्थिरोगतज्ज्ञाचे.

शासनाची व्यवस्था होईल तेव्हा होईल. तोवर घरच्यांनी काही कामे हाती घ्यावीत. न्हाणीत भिंतीला पकडायची दांडी बसवावी आणि खाली खडबडीत फरशी घालावी. शेजघरापासून न्हाणीपर्यंत रात्री दिवा ठेवावा. जुन्या घरांचे वीतभर उंच उंबरठे दिसतील असे रंगवावेत. मोतिबिंदू पिकायची वाट पाहू नये, आणि झोपेच्या गोळीने आई पहाटे झोकांड्या देते का, तेही पाहावे. इस्पितळातून घरी सोडताना जो कागद हाती मिळतो त्यावर प्लेट, स्क्रू, टाके, दुखणे कमी करण्याची गोळी हे सारे लिहिलेले असते. त्यात हाड बळकट करण्याच्या औषधाची एखादी ओळ आहे का, हे मुलाने किंवा सुनेने तेथेच उभे राहून वाचावे, आणि नसेल तर डॉक्टरांना विचारावे.